रकान्यात न बसणारी बाळंतीण

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : गरोदर आणि बाळंत बाईच्या मनाची चौकशी करण्याबाबत.
संदर्भ : जावक क्रमांकाचा एकही नाही. माझ्या मुलीच्या मोबाइलवरचा एक आकडा आहे, तो पुढे येईल.

महोदय/महोदया,

सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात मी ३२ वर्षं नोकरी केली. आधी उपकेंद्रावर आरोग्य सेविका, शेवटची नऊ वर्षं आरोग्य सहायिका. खात्याला पत्रं लिहायची मला सवय आहे. आजवरची सगळी ‘वरील विषयास अनुसरून’ने सुरू झाली आणि ‘माहितीस्तव सविनय सादर’ म्हणून संपली. हे मात्र मधली सगळी टेबलं टाळून उघड लिहितेय. एकट्या आपणच वाचावं असं यात काही नाही. माझ्याबरोबर उन्हातान्हात फिरलेल्या आशाताईंनी वाचावं, आणि ज्यांच्या घरात या घडीला बाळंतिणीची शेगडी पेटलेली आहे त्या आजीबाईंनीही वाचावं.

माझ्या मुलीबद्दल लिहिणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव घालायचं नाही, एवढीच तिची अट.

चार वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, आठवा लागला तेव्हा. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ११.२, धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं वेळेवर. कार्ड असं भरलेलं, की तपासणीला आलेल्या साहेबांपुढं नमुना म्हणून ठेवावं. जोखमीच्या मातेला आपण वेगळी खूण करतो. उंची १४५ सेंटिमीटरच्या आत, रक्त सातच्या खाली, रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर, आधीचं सिझर. यातलं तिच्याकडे एकही नव्हतं. कळा आल्या, सहा-सात तासांत मोकळी झाली. मुलगा, तीन किलोला थोडा कमी.

तिसऱ्या दिवशी ती रडायला लागली आणि मला चक्क हसू आलं. दूध उतरायच्या दिवसांत पोरी रडतात, हे मी पाहून पाहून पाठ केलेलं. यात माझं चुकलंही नव्हतं. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना पहिल्या आठवड्यात असं होतं. कारण नसताना डोळे भरतात, चिडचिड होते, आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप निवळतं. त्याला गोळी लागत नाही, धीर आणि झोप लागते. तिचंही रडणं आठवडाभरात थांबलं. मी निश्चिंत झाले.

थांबलं ते नुसतं रडणं. त्याच्या जागी दुसरं काहीच सुरू झालं नाही. हसणं नाही, बडबड नाही, नवऱ्याशी फोनवर भांडण नाही. बाळाला ती अगदी वेळेवर पाजायची, वेळेवर पुसायची, पण शेजारणीनं सांभाळायला दिलेलं काचेचं भांडं हाताळावं तशी. जपून, आणि आपलं नसल्यासारखं. दुपटी घड्या घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. मध्यरात्री मला जाग आली की ती पाळण्यापाशी बसलेली असायची, बाळाच्या नाकाखाली तळहात धरून. मी म्हणायची, “अगं, ते झोपलंय तोवर तूही पड.” ती पडायची, आढ्याकडे बघत. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हे वाक्य मी नोकरीत किती बायकांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. पडल्यावर झोप लागते का, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

विसाव्या दिवसाच्या आसपास ती स्वयंपाकघरात आली. मी अळीव निवडत बसले होते. म्हणाली, “आई, ती विळी माळ्यावर टाक ना.”

“पाय लागेल म्हणतेस? कोपऱ्यात सरकवते.”

“कोपऱ्यात नको. माळ्यावरच टाक.”

स्टूल घेतलं आणि टाकली. कारण विचारलं नाही. बाळंतिणीचं मन राखायचं, एवढंच डोक्यात. नंतरचे तीन आठवडे मी सुरीनं भाजी चिरली आणि एकदाही मनात आलं नाही की ही पोर विळीला का भ्यायली असेल.

सहाव्या आठवड्यात बाळाचं लसीकरण झालं. उपकेंद्रावर वजन, ताप, डोस, पुढची तारीख, सगळं झालं. पोरगी पाऊण तास तिथं बसून होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही; मीही नाही. त्या रात्री तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

“आई, तुला आकडे कळतात ना? मग हा बघ.”

१९.

“कशातले?”

“तीसपैकी.”

आणि मी, ३२ वर्षं मातांची कार्डं भरलेली बाई, तिला विचारते, “मग चांगले की वाईट?”

महोदय, तो आकडा म्हणजे या पत्राचा संदर्भ. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा आणि लिव्हिंग्स्टन इथं काम करणाऱ्या तीन जणांनी १९८७ साली बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची यादी तयार केली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. तेरा किंवा जास्त आले की बाईला डॉक्टरला दाखवायचं. पुष्कळ ठिकाणी दहापासूनच सावध होतात. हा आकडा म्हणजे निदान नाही. थर्मामीटरवर ताप दिसतो, तो मलेरियाचा की टायफॉइडचा ते डॉक्टर ठरवतो, तसंच हे. पण किमान थर्मामीटर तरी आहे. तोही विकतचा नाही, फुकटचा. आणि एका कागदावर मावणारा.

यादीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं शून्य सोडून काहीही आलं, तर बाकीची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. मी बोटानं पडदा वर सरकवत दहाव्यापर्यंत गेले. तिनं ‘कधी कधी’ निवडलं होतं.

मग ती बोलली. बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आलं की विळीचं पातं दिसायचं, आणि डोळ्यांपुढं एक चित्र यायचं. ते इथं लिहीत नाही. आलं की ती बाळाला घट्ट धरून बाहेर पळायची. “मी असलं बघते, म्हणजे मी त्याची आई असायच्या लायकीची नाही. मी नसले तर बरं होईल त्याचं.” हे तिचे शब्द. याला काय म्हणतात ते मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. असे नको असलेले, दचकवणारे विचार पुष्कळ आयांना येतात. ज्या बाईला त्यांची भीती वाटते, लाज वाटते, जी स्वतः विळी माळ्यावर टाकायला सांगते, ती बाळाला इजा करायला निघालेली नसते, ती बाळाला जपत असते. पण ती एकटी जपत असते, आणि त्यात झिजून जाते.

याच्या अगदी उलट एक आजार आहे, तो इथंच सांगते, कारण दोन्हींची गल्लत झाली तर जिवाशी येतं. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, एकाएकी दोन-तीन रात्री झोप येत नाही आणि तरी ती दमलेली दिसत नाही. संशय घेते, कानात कुणी बोलतंय म्हणते, हे बाळ माझं नाही किंवा हा देवाचा अवतार आहे असं काही तिला खरोखर पटलेलं असतं. भीती नसते, खात्री असते. अशा बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, आणि तोवर बाळाजवळ तिला एकटं सोडायचं नाही. आमच्याकडे याला ‘वारं लागलं’ म्हणतात आणि अंगारा आणायला माणूस धाडतात. अंगारा आणा, माझी हरकत नाही. पण गाडी आधी सांगा.

माझी मुलगी पहिल्या प्रकारातली होती. जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आधी थायरॉइड आणि रक्त तपासलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी बाई अशीच मलूल होते. दोन्ही ठीक निघालं. गोळी सुरू केली. अंगावरचं दूध तोडायचं का, हा माझा पहिला प्रश्न. तोडायचं नाही म्हणाले. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सर्ट्रालीन, दुधात फार थोड्या उतरतात आणि पाजणाऱ्या आईला देता येतात. कोणती द्यायची ते डॉक्टरनंच ठरवायचं. हे मला माहीत नव्हतं. ‘दूध पाजतेय ना, मग असलं औषध नको’ असं मी स्वतः बायकांना सांगितलेलं आहे, आणि त्यातल्या काहींनी औषध बंद केलेलंही आहे. दिवस राहिल्याचं कळताच सगळ्या गोळ्या एका दिवसात टाकून देणाऱ्याही पाहिल्यात. काही गोळ्या गरोदरपणात खरंच चालत नाहीत, त्या बदलायच्या असतात. पण ते विचारून.

गोळीचा गुण यायला तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे जावई रजा काढून माझ्याकडे राहिले आणि रात्रीचं बाळ त्यांनी घेतलं. गोळीइतकाच त्याचा उपयोग झाला असं मी म्हणेन, डॉक्टर काहीही म्हणोत. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई मला म्हणाल्या, “तुझ्या हाताखाली अख्ख्या तालुक्याची बाळंतपणं झाली, तुझ्याच लेकीला कसलं आलंय डिप्रेशन?” हसून सोडून दिलं. पण रात्री ते वाक्य उलटं होऊन माझ्याच अंगावर आलं. माझ्या लेकीचं मला सहा आठवडे दिसलं नाही, तर अख्ख्या तालुक्याचं काय काय दिसलं नसेल?

एक बाई तर मला नक्कीच दिसली नव्हती. एका वाडीवरची, तिसरी मुलगी झालेली. मी तीन भेटी दिल्या. रजिस्टरला माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : ‘बाळ २.६ किलो, स्तनपान चालू. माता : अशक्तपणा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.’ दर भेटीला ती म्हणायची, “बाई, अंगात काय राहिलं नाय बघा.” तिसऱ्या महिन्यात ती गेली. कागदावर ‘अपघाती’ आलं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही, मीही नाही. आमच्या माता मृत्यूच्या अहवालातही ती आली नाही. कारण बाळंतपणाला ४२ दिवस उलटून गेले होते, आणि अपघात तसाही त्यात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली सांगून ठेवलंय, की गरोदर किंवा बाळंत बाईनं जीव दिला तर तो माता मृत्यूच धरावा, आणि तोही थेट कारणांतला, रक्तस्रावासारखा. त्या मार्गदर्शिकेचं नावसुद्धा मला निवृत्तीनंतर कळलं.

आता आपल्या कामाचं बोलते.

बाळंतिणीच्या घरी आशानं जायचं, ही पद्धत देशाला आपल्या गडचिरोलीनं दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना तयार करून घरोघर नवजात बाळं वाचवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांनी १९९९ साली जगापुढं मांडलं, आणि २०११ पासून ते देशभर सुरू झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. इतक्या वेळा बाळंतिणीच्या उंबऱ्याच्या आत जाणारं सरकारी माणूस दुसरं कुठलं आहे? त्या भेटींचा फॉर्म मी वर्षानुवर्षं तपासला. त्यात आईबद्दल थोडेसे प्रश्न आहेत, आणि त्यातला एक मला नेहमी आठवतो : आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का? प्रश्न अगदी रास्त आहे. बरळणारी बाई त्यानं सापडते. पण जी बोलतच नाही ती कुठल्या रकान्यात लिहायची? माझी पोरगी त्या फॉर्मावर सहाच्या सहा वेळा पास झाली.

हे आपल्याकडे होतच नाही, शहरातल्या शिकलेल्या बायकांची थेरं आहेत, असं खात्यातल्याच काहींना वाटतं. त्यांच्यासाठी शेजारच्या गोव्यातलं सांगते. म्हापशाच्या सरकारी दवाखान्यात आलेल्या २७० गरोदर बायकांचा अभ्यास विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्याचा आजार होता. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त तशाच होत्या. कारणं आपल्या ओळखीचीच : पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी होणं. २०१७ साली देशभरातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. त्यात वीस हजारांवर बाया होत्या, आणि आकडा आला २२ टक्के. म्हणजे पाचात एक. माझ्या उपकेंद्राला वर्षाला शंभराच्या आसपास बाळंतपणं असायची. हिशेब आपणच करावा. मी एकदा केला आणि वही मिटून ठेवली.

गोव्यातलीच आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. बाळंतपणानंतर आजारी सापडलेल्यांपैकी ७८ टक्के बायकांची मनाची तब्येत गरोदरपणातच बिघडलेली होती. म्हणजे ‘बाळंतपणानंतरचं’ म्हणून आपण ज्याची वाट बघतो ते आधीच घरात येऊन बसलेलं असतं. मागचं आठवून पाहिलं तर माझ्या मुलीचंही तसंच. आठव्या महिन्यात आली तेव्हा बाळाचे कपडे घ्यायला चल म्हटलं तर “तूच आण” म्हणाली. डोहाळजेवणाचे फोटो बघायला नको म्हणाली. मी म्हटलं, जडावलीय. गरोदरपणात हीच अडचण होते. झोप मोडणं, थकवा, जेवण न जाणं हे सगळं पोटातल्या बाळाच्या नावावर खपून जातं. म्हणून तिथं शरीराचं विचारून भागत नाही. कशात गोडी वाटते का, स्वतःला बोल लावते का, ‘माझ्याच्यानं हे होणार नाही’ असं रोज वाटतं का, हे विचारावं लागतं. आणि हे दोन आठवड्यांहून जास्त, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ असेल, तर ते जडावलेपण नव्हे.

आता शब्दांचं. ‘नैराश्य’ हा शब्द मी प्रशिक्षणात शिकले. नोकरीच्या काळात एकाही बाळंतिणीच्या तोंडून तो ऐकला नाही. त्या म्हणतात : डोकं बधिर झालंय. काय सुदरंना. जीव लागंना कशात. छातीत धडधड होतीय. हातापायाला मुंग्या. पोराकडं बघू वाटंना (हे फार हळू, दाराकडं बघून). आणि सगळ्यांत जास्त वेळा : अंगात काय राहिलं नाय. आपण त्या प्रत्येकीला लोहाची गोळी देतो. लोह लागतंच, पण प्रत्येक ‘अंगात काय राहिलं नाय’ हिमोग्लोबिनमधलं नसतं. त्या स्कॉटलंडच्या यादीत सहावा प्रश्न इंग्रजी वाक्प्रचारावर बेतलाय. तो शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला तर गोष्टी आपल्या डोक्यावर चढून बसल्यात की काय असं वाटेल. पण तेच आमच्याकडची बाई म्हणते, “समदं अंगावर आल्यागत झालंय.” शब्द तिच्याकडे तयार आहे. पुण्या-मुंबईत बसून भाषांतर करण्यापेक्षा तो तिच्याकडून घ्यावा. आणि माणदेशातला घेतला म्हणून तोच नंदुरबारला, मेळघाटात किंवा भामरागडला पाठवू नये.

माझी मागणी दहा प्रश्नांची नाहीच. दोन पुरेत, आधी दोनच विचारायचे आणि कुठं ‘हो’ आलं तर पुढची यादी काढायची, ही पद्धत बाहेर चालतेच. महिनाभरात मन सारखं उदास, खचल्यासारखं राहिलंय का? एरवी ज्यात मन रमायचं त्यात रमेनासं झालंय का? तिसरा माझ्या पदरचा : बाळ झोपलं, दुसऱ्या कुणी सांभाळलं, तरी तुला झोप लागते का? दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायका तपासणीला येतातच, तिथं विचारा. सहा भेटींत विचारा. आजार बेचाळिसाव्या दिवशी संपत नाही, बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत कधीही डोकं वर काढतो. पण दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, नवव्या महिन्याला बाई लसीला येते, आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या महिन्याला आशा तिच्या घरी जातेच. नवी फेरी एकही नको.

इथंवर वाचून कुणी अधिकारी लगेच परिपत्रक काढेल, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. फॉर्मवर दोन रकाने वाढतील, मार्चअखेर ‘१०० टक्के’चा अहवाल जाईल, आणि खाली सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’. रकाने कसे भरले जातात ते मला विचारा, मी भरलेत. दुपारी चारला मीटिंग असली की साडेतीनला चाळीस बायकांचा रक्तदाब १२०/८० होतो.

म्हणून तीन गोष्टी जोडीनं कराव्या लागतील.

पहिली म्हणजे एकांत. सासूसमोर कुठली सून सांगेल की मला जगू वाटत नाही? आणि सासूला ‘बाहेर जा’ म्हणणारी आशा त्या गावात पुन्हा पाय ठेवू शकत नाही. आमची एक युक्ती होती, दुसऱ्याच कामासाठी. बाळाला तपासून झालं की म्हणायचं, “आजी, जरा बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसा, दहा मिनिटं. तुमच्याच हाताला सवय आहे.” आजी खूश, बाळ उन्हात, आणि खोलीत आपण दोघीच. तेव्हा मी ती दहा मिनिटं टाके बघायला आणि तांबीचं (कॉपर-टीचं) बोलायला वापरायची. हे प्रशिक्षणात शिकवा. पुस्तकात नसतं.

दुसरी, पैसे. सहा भेटींचे मिळून आशाला २५० रुपये मिळतात, हे मी ऐकून आहे आणि पाहूनही. त्यात बाळाचं वजन, ताप, नाळ, श्वास, सगळं. वर आता बाळंतिणीचं, सासूचं, जावेचं ऐकून घेत अर्धा तास बसायचं असेल तर त्याचे वेगळे द्या. गोड बोलून हे काम तिच्या पदरात टाकू नका.

तिसरीवर सगळं अडतं. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला पाठवायचं कुठं? विचारून काही करायचं नसेल तर विचारूच नये. ते उघडी जखम बघून पदर टाकण्यासारखं आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण वाडीवरून ओली बाळंतीण ऐंशी किलोमीटर जाणार कशी? ग्रामीण रुग्णालयात महिन्यातले दोन दिवस पक्के करा, आणि ते लसीकरणाच्या दिवसाला जोडा, म्हणजे बाई ‘बाळाच्या डोसाला चाललेय’ म्हणून घरातून निघू शकते. टेलिमानस या सरकारी मनोआरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो आणि मराठीत बोलतो. तो माता-बाल कार्डावर मोठ्या अक्षरात छापा, बाळाच्या लसींच्या खाली, जिथं नजर जातेच. आणि सगळ्यांनाच डॉक्टर लागत नाही. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आरोग्य सेविकांना शिकवून पाहिलं. गरोदरपणात नैराश्य असलेल्या बायकांच्या घरी त्या ठरवून जायच्या आणि ठरावीक पद्धतीनं बोलायच्या. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के अजून आजारी होत्या. ज्यांच्याकडे साध्या भेटी झाल्या त्यांच्यात ५३ टक्के. हे २००८ सालचं. पुढं हीच पद्धत गोव्यात शेजारच्या साध्या बायकांना शिकवून करून पाहिली गेली. आमच्या आशा त्यांच्यापेक्षा कुठं कमी आहेत?

दाखल करायची वेळ आली तर आई आणि बाळ एकत्र राहतील अशी खाट हवी. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेनं २००९ साली तशी सोय केली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही म्हणतो, की तीन वर्षांच्या आतलं मूल आईपासून सहसा तोडू नये. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या आपल्या मनोरुग्णालयांत दोन-दोन खाटांचा कोपरा काढणं एवढं अवघड नसावं. ‘बाळाचं काय करायचं?’ या एका प्रश्नावर किती बायका घरी ठेवल्या जातात, त्याची तर मोजणीच नाही.

सव्वा महिन्याच्या आमच्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. तेल, शेक, डिंकाचा लाडू, कामातून सुटका, यातलं पुष्कळ चांगलं आहे, आणि ज्या सुनेला ते मिळत नाही तिचे हाल मी पाहिलेत. पण सव्वा महिना त्या खोलीत बाळाला बघायला माणसं येतात. बाप तर दारातूनच बघतो. (बापांनाही हा आजार होतो. ते वेगळं पत्र.)

माझी मुलगी नऊ महिने गोळी घेत होती. मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवली. नातू आता साडेतीन वर्षांचा आहे, आणि आल्यापासून जाईपर्यंत माझ्या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. दुसऱ्या खेपेला हे परत येऊ शकतं, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय. तिला दिवस गेलेत, तिसरा चालू आहे. या वेळी पहिल्या तपासणीलाच तिनं स्वतः सांगितलं, “मागच्या वेळी मला डिप्रेशन होतं, तेही लिहा.” तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी कार्ड उलटसुलट करून जागा शोधली आणि शेवटी समासात पेन्सिलीनं लिहिलं.

ती पेन्सिलीची ओळ पेनानं लिहायची जागा करून द्यावी, एवढं मागणं आहे. ज्या तालुक्यात पहिलं प्रशिक्षण घ्याल तिथं मला बोलवावं. मानधन नको. एसटीला आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रवासभत्त्याचं बिलही लावणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
जि. सातारा